कर्नाटक कोणते, आणि कोणत्या सनातले?

शिवछत्रपतींनी १६७७ साली कर्नाटकावर स्वारी केली, हे आपल्याकडील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु त्या स्वारीत महाराजांनी घेतलेला जिंजीचा किल्ला आजच्या नकाशावर शोधावयास गेले, तर तो कर्नाटकात सापडत नाही. तो तामिळनाडूत आहे. वेल्लोरही तामिळनाडूतच. मग बखरकार चुकले की नकाशा चुकला? आमचे उत्तर असे की, दोघेही बरोबर आहेत. नाव तेच राहिले. त्याखालची भूमी तेवढी पालटली.

ती कशी पालटली हे पाहण्यासारखे आहे. विजयनगरच्या राज्याला कर्नाटक म्हणत. ते मूळचे तुंगभद्राकाठचे. पण त्याची सत्ता घाट उतरून तामिळ मुलखात पसरली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर राजधानी उद्ध्वस्त झाली, तेव्हा दरबार पेनुकोंडा, चंद्रगिरी, वेल्लोर असा सरकत गेला आणि दरबाराबरोबर नावही गेले. घाटावरचे ते बालाघाट व घाटाखालचे ते पाईनघाट, अशी कर्नाटकाची दोन अंगे रूढ झाली. पुढे अर्काटचा नवाब हा ‘कर्नाटकचा नवाब’ झाला. इंग्रज-फ्रेंचांनी १७४६ ते १७६३ या काळात मुख्यतः तामिळ भूमीवर केलेली युद्धे ‘कर्नाटकातील युद्धे’ ठरली. १८०१ साली इंग्रजांनी हे ‘कर्नाटक’ गिळले, तेव्हा कानडीचे माहेर जे म्हैसूर, ते त्याच्या बाहेरच होते!

संगीताचीही तीच कथा. पुरंदरदासांचा मान पितामहाचा, आणि त्यांची पदे कानडी, हे खरे. पण कर्नाटक संगीताचे त्रिमूर्ती त्यागराज, मुथुस्वामी दीक्षितर व श्यामाशास्त्री हे तिघेही तिरुवारूरचे, म्हणजे मराठ्यांच्या तंजावर राज्यातले. आणि त्यागराजांच्या बहुतेक रचना तेलुगूत. उलट धारवाडकडील मल्लिकार्जुन मन्सूर व गंगूबाई हनगल यांनी आयुष्य वेचले ते हिंदुस्थानी गायकीसाठी. अखेर १९५६ साली विस्तारलेल्या म्हैसूर राज्याने १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक हे नाव धारण केले, आणि शतकानुशतके फिरलेले नाव पुन्हा घाटावर आले.

वाचकहो, हा इतिहास उगाळण्याचे प्रयोजन आहे. सीमावादात जुन्या कागदातील एखादे नाव बोटाने दाखवून ‘पाहा, येथे कर्नाटक लिहिले आहे’ असे म्हणणारा भेटला, तर त्याला नम्रपणे विचारावे: कोणते कर्नाटक? कोणाच्या दप्तरातले, आणि कोणत्या सनातले? त्याच न्यायाने उद्या कोणी जिंजी मागेल, तर तामिळ बांधव काय म्हणतील?

परंतु हाच प्रश्न आम्ही स्वतःसही विचारला पाहिजे. नाही तर आमचा न्याय दुटप्पी ठरेल. ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात चालुक्य पुलकेशीला तीन ‘महाराष्ट्रकां’चा आणि नव्याण्णव हजार गावांचा स्वामी म्हटले आहे. त्याची राजधानी बदामी. हा लेख पुढे करून आमच्यातील काही उत्साही मंडळी भाषणात टाळ्या घेतात. तेवढ्याने बदामी मराठी होत नाही, आणि कोणी शहाण्याने ती मागूही नये. पुलकेशीचा ‘महाराष्ट्रक’ आणि १ मे १९६० चे महाराष्ट्र राज्य ही दोन निराळी प्रकरणे आहेत. टाळ्यांसाठी वापरलेला कच्चा पुरावा प्रतिपक्षाच्या हाती आयता पडतो, आणि त्याच्या ओझ्याखाली पक्का पुरावाही दबतो.

नाव राजाबरोबर जाते, दप्तरात अडकते, गाण्यास चिकटते आणि एखाद्या ठरावाने परतही येते. २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. त्याने गल्लीतील एकाही आईची अंगाई बदलली नाही. आमची मागणी कोणत्याही ताम्रपटातील नावावर उभी नाही. घरात आज बोलली जाणारी भाषा, गावाची सलगता आणि तेथील लोकांची उघड इच्छा, हाच तिचा पाया होय. म्हणून सभेस जाताना शिलालेखाची नक्कल घरी ठेवावी. गावातील मराठी शाळेचा पट आणि गावकऱ्यांच्या सह्या मात्र बरोबर घ्याव्यात.