पिंजरा मोठा झाला, पुढे काय?

पुण्यात वाढलेल्या दोन पिढ्यांच्या आठवणीत पेशवे पार्क घर करून आहे. पर्वतीच्या पायथ्याशी 1953 मध्ये महापालिकेने जेमतेम 7 एकरांत हे प्राणिसंग्रहालय उभारले. 1956 पासून तिथे ‘फुलराणी’ धावू लागली. मुलांची चंगळ झाली. वाघाच्या वाट्याला मात्र काही पावलांची येरझार आली. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि असे अरुंद पिंजरे नियमांत बसेनात. 1999 मध्ये कात्रजला सुमारे 130 एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. टप्प्याटप्प्याने प्राणी तिकडे गेले, फुलराणी मागे राहिली.

पण प्रश्न तिथे संपला का? जुलै 2025 मध्ये कात्रजला 16 चितळांचा मृत्यू झाला. निदान झाले लाळ्या-खुरकुताचे, म्हणजे गाईगुरांना होणाऱ्या साथीच्या रोगाचे. एकेकाळी वेशीबाहेरचे कात्रज आता शहराच्या पोटात आहे, आणि रोगाला कुंपण अडवत नाही. तेव्हा मोकळ्या जागेइतकीच निकड पशुवैद्यकांची, स्वच्छ चारापाण्याची आणि रोजच्या देखरेखीची आहे. रविवारी मुलांना वाघ दाखवायला नेणाऱ्या आपण पालकांनी, तिकीट काढताना, एवढी चौकशी तरी करायला हवी.