साखरेपलीकडचा धोका

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रौढांतील मधुमेहाच्या प्रमाणात गोवा सर्व राज्यांच्या अग्रभागी असल्याचे दिसून आले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्याचे २६.४ टक्के! हा मान कोणालाही भूषणावह वाटणार नाही. तेव्हापासून साखरेची चर्चा घरोघरी चालते. परंतु ज्या संकटात मधुमेही माणूस दोन-चार दिवसांत दगावू शकतो, त्या कीटोनविषयी फारसे कोणी बोलत नाही. आमच्या मते हे मौन महागात पडणारे आहे.

कीटोन हे मूलतः विष नव्हे. उपवास घडला की यकृत शरीरातील मेदापासून ही द्रव्ये तयार करते आणि त्यांवर मेंदूची व स्नायूंची गुजराण होते. निसर्गाची ही शहाणी तरतूद आहे आणि तिचा लगाम इन्शुलिनच्या हाती आहे. शरीरात इन्शुलिनच उरले नाही की लगाम सुटतो, कीटोन बेसुमार साचतात आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. अतोनात तहान, ओकाऱ्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास आणि अखेर ग्लानी, ही त्याची लक्षणे होत.

दुर्दैव असे की, पोट बिघडले असेल अशी समजूत करून घेऊन घरचे लोक स्वस्थ बसतात. ‘पोर जेवलेच नाही, मग इन्शुलिन कशाला?’ असे म्हणून सुई बंद करणारे पालक प्रेमापोटीच तसे करतात. पण आजारपणात इन्शुलिनची गरज बहुधा वाढते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

केवळ साखर मोजून निश्चिंत होणेही बरे नव्हे. ग्लिफ्लोझिन वर्गातील औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता निर्माण होते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ सालीच दिला होता. लघवीच्या पट्टीलाही मर्यादा आहे. या संकटात जे कीटोन सर्वाधिक वाढते, ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसतच नाही. बोटातील रक्ताच्या थेंबावर ते मोजणारे छोटे यंत्र उपलब्ध आहे. लिटरमागे ०.६ मिलिमोलपेक्षा कमी आकडा निर्धास्त करणारा असतो. तो ३ वर गेला की रुग्णालय गाठण्यात क्षणाचाही विलंब होता कामा नये.

म्हणूनच आमची मागणी अगदी साधी आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे यंत्र व त्याच्या पट्ट्या सदैव असल्या पाहिजेत. काणकोणच्या रुग्णाला बांबोळी गाठेपर्यंत रोगनिदानाची वाट पाहावी लागू नये. आणि इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला ‘आजारात वा उपवासात डॉक्टरांना विचारल्यावाचून सुई बंद करू नये’ हे साध्या मराठी-कोंकणीत छापून हाती दिले पाहिजे.

१९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्शुलिन टोचण्यात आले. तोवर अशा मुलांना मरण अटळ होते. पुढच्याच वर्षी संशोधकांनी आपले हक्क अवघ्या एकेका डॉलरला तेथील विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्यांनी एवढे औदार्य दाखवल्यावर एका पट्टीअभावी एखादे पोर हातचे गेले, तर तो दोष रोगाचा नसेल, आपला असेल.