रोज तेच काम आवडतं? मग त्यात कमीपणा कसला!

विद्यार्थी मित्रांनो, हल्ली शाळेत, टीव्हीवर, मोबाइलवर तुम्हाला एकच गोष्ट ऐकू येते : काहीतरी वेगळं करा, सर्जनशील व्हा. चांगलंच आहे. पण वर्गात अशीही मुलं असतात, ज्यांची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखीच नीटनेटकी असते. दिलेलं काम ती न कंटाळता, न चुकता पूर्ण करतात. त्यांना रोज नवं काही सुचत नाही आणि तशी हौसही नसते. अशा मुलांनी स्वतःला कमी समजायचं का? माझं मत स्पष्ट आहे : मुळीच नाही.

आपल्या उपनगरांकडेच बघा. पार्ल्याच्या कारखान्यात बिस्किटांचा घमघमाट सुटायचा. ग्राहकाला आजचं बिस्किट कालच्यासारखंच लागतं, म्हणजे तिथे सारखेपणा हीच गुणवत्ता. अंधेरीचं सीप्झ १९७३ साली सुरू झालं. तिथे परदेशी जाणारे दागिने बनतात. खडे निवडणं, बसवणं, पॉलिश करणं, शेवटी प्रत्येक नग तपासणं, या कामांना स्थिर हात आणि टिकणारं लक्ष लागतं. औषधांच्या कारखान्यात तर ठरलेली पायरी गाळून 'काहीतरी वेगळं' केलं, तर रुग्णाच्या जिवावर बेतेल!

मग वाट कोणती? मुलुंड, बोरिवलीला सरकारी आयटीआय आहेत. दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट असे दोन वर्षांचे ट्रेड शिकता येतात. तुमचा प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर तिथे रोज हातात येतो. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतन घेत काम शिकता येतं.

पण लक्षात ठेवा, दिवसभर नुसते खोके उचलणं आणि मशिन सेट करून अचूक माप काढणं, दोन्ही कामं रोजचीच. मात्र पहिल्या कामात तुमच्या जागी उद्या कोणीही येईल, दुसऱ्यात तसं सहज होत नाही. म्हणून नियमित काम जरूर निवडा, पण हातात कौशल्य घेऊन.

नोकरी धरताना लाजू नका, विचारा : नेमणूकपत्र मिळेल का? कंत्राटदाराकडे की कंपनीत? पीएफ, ईएसआय आहे का? जादा कामाचे पैसे दुप्पट दराने मिळतात का? रात्रपाळी किती? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आणखी एक खरी गोष्ट. पार्ल्याचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. भांडुप-मुलुंडच्या एलबीएस मार्गावर जिथे भोंगे वाजायचे, तिथे आता टॉवर आणि मॉल उभे आहेत. उद्याचं काम कदाचित तळोजा, अंबरनाथ किंवा वसईला मिळेल. घराजवळचा कारखाना जाईल, शिकलेला ट्रेड मात्र तुमच्यासोबत येईल.

पालकहो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. "मशिनवर काम करतो" हे सांगताना आवाज खाली आणू नका. आपण ज्या लिफ्टमधून चढतो, जी गोळी विश्वासाने गिळतो, त्यामागे कोणीतरी रोज तेच काम तितक्याच काळजीने केलेलं असतं. मुलाचा स्वभाव ओळखा आणि त्याला साजेसं काम शिकू द्या.