बाळंतिणीपाशी थांबणारी

मुलीस प्रसूति-परिचारिकेच्या शिक्षणास धाडावे की नाही, असे विचारीत एक गृहस्थ आम्हांकडे आले. रात्रीअपरात्रीचे काम, लग्नाचे कसे होणार?

आम्हांस उज्जैन आठवले. शिंद्यांची राजधानी १८१० साली तेथून ग्वाल्हेरास गेली, तरी मराठी घराणी शिप्रेकाठी राहिली. अशाच एका घराण्यातील परिचारिका आम्हांस म्हणाल्या, "मूल रडले की सारे घर त्याच्याकडे धावते, फादर. मी बाळंतिणीपाशीच थांबते."

आपल्या देशात बाळंतिणी दगावतात त्या मुख्यतः प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने. म्हणून मूल जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यावयाचे, वार अखंड पडली की नाही ते पाहावयाचे, आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळले आहे ना, हे निदान दोन तास पुनःपुन्हा चाचपावयाचे. डोळ्यांत भरण्याजोगे यात काहीच नाही.

धर्मभगिनींना तर रोमच्या नियमांनी हे काम वर्ज्य होते. १९३६ साली मिशन प्रदेशांपुरती मोकळीक मिळाली. (सेमिनरीत हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते!)

गृहस्थांनी सारे ऐकून घेतले. अर्ज ते घेऊन गेले आहेत. त्यावर सही अद्याप झालेली नाही.