मकबऱ्यावरील नकलेचा शिक्का

छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा पाहून आलेल्या सुशिक्षित गृहस्थास विचारावे, तर उत्तर ठरलेले: "ताजची स्वस्त नक्कल!" या एका शब्दाने इमारतीपुढे घटकाभर उभे राहण्याचे श्रम वाचतात, म्हणूनच तो लोकप्रिय झाला असावा.

पण नक्कल कोणी कोणाची केली? प्रवेशद्वारावर दोन नावे कोरलेली आहेत, शिल्पज्ञ अताउल्ला आणि स्थापत्यकार हंसपतराय. अताउल्ला हा ताजचा शिल्पज्ञ मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. बापाची गायकी मुलाच्या गळ्यात उतरली, की तिला आपण घराणे म्हणतो. शिल्पज्ञाच्या मुलाने तेच केले, की ती नक्कल!

बरे, हा गृहस्थ नुसता दगड रचणारा नव्हता. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर त्याने 1634-35च्या सुमारास करून शहाजहानास अर्पण केले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाचा 1207 सालचा शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावनजीक पाटण येथे आहे. त्याच आचार्यांचा भाषांतरकार पुढे घाटाच्या या अंगास येऊन दिलरास बानूची समाधी उभारतो, ही गोष्ट आमच्या शाळांच्या किती सहलींत सांगितली जाते? (तेथे सांगतात ते हे, की शाहजादा आझमने आईसाठी मकबरा बांधला. 1653 साली जन्मलेला तो मुलगा, 1660-61 साली काम झाले तेव्हा सातआठ वर्षांचा होता!)

खर्च झाला 6,68,203 रुपये. संगमरवर खाली कमरेइतका आणि वर घुमटास. मधला भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, वर चुन्याचा गिलावा. यजमानाने थैली आवळली, तर तो दोष कारागिराच्या माथी का? मनोरे मुख्य इमारतीच्या मानाने उंच झाले आहेत, हे आम्ही मान्य करतो. परंतु आत जाऊन पाहावे. ताजची खरी कबर तळघरात दडलेली. येथे ती खालच्या पातळीवर उघडी असून अष्टकोनी संगमरवरी जाळीपाशी उभे राहून आपण तिच्याकडे खाली पाहतो. ही कल्पना ताजवरून उचललेली नव्हे.

इंग्लंडातील चेस्टर गावी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत घरे व चर्चे बांधणाऱ्या जॉन डग्लसवर 1991 साली स्वतंत्र ग्रंथ निघाला. लंडनच्या मानाने तो गावचाच कारागीर. पण त्याची एकेक इमारत तपासली गेली. अताउल्लावर असा मराठी ग्रंथ कोणी लिहील तेव्हा लिहो. तूर्त शिक्षकांनी दारावरील तो लेख मुलांस आधी दाखवावा, मग त्यांस घुमटाकडे न्यावे.