पावसाची पाहणी आणि लहान उपग्रह

मृगांत चार दिवस आभाळ भरून आलें म्हणजे तिफण जुंपावी कीं थांबावें, या एका निर्णयावर शेतकऱ्याचा सारा हंगाम अवलंबून असतो. पेरा वाळून गेला तर दुबार पेरणीचें बियाणें त्यानें कोठून आणावें? असें असतां पावसाचा अंदाज ज्या साधनांवरून बांधतात त्यांची विचारपूस आमचे वाचक क्वचितच करतात.

आपले इन्सॅट उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून ढगांचीं चित्रें अर्ध्या अर्ध्या तासानें पाठवितात. परंतु त्यांना ढगाचा माथा दिसतो, पोट दिसत नाहीं. तें पाहण्यास मायक्रोवेव्ह लहरी लागतात. हवेंतील वाफ व प्राणवायु या लहरी स्वतःच सोडीत असतात, आणि त्या बऱ्याच अंशीं ढगांतून पार येतात. मात्र त्या टिपणारें यंत्र इतक्या उंचीवर ठेवावयाचें तर थाळी प्रचंड लागते. म्हणून तें खालून फिरणाऱ्या उपग्रहावर बसवितात. आणि असा एकटा उपग्रह आपल्या डोक्यावरून दिवसांतून थोडाच वेळ जातो. मोठी सर तर दोन तासांत उठते नि ओसरते!

भारत व फ्रान्स यांनीं १२ ऑक्टोबर २०११ रोजीं मेघा-ट्रॉपिक्स हा सुमारें हजार किलोंचा उपग्रह सोडला. त्याचें पाऊस मोजणारें मुख्य यंत्र २०१३ सालींच बंद पडलें. आर्द्रतामापक मात्र पुढेंही उपयोगीं पडला. मार्च २०२३ मध्यें तो उपग्रह पॅसिफिक महासागरावर उतरवून नष्ट करण्यांत आला.

अमेरिकेच्या नासानें निराळी वाट धरली. ट्रॉपिक्स योजनेंतील प्रत्येक उपग्रह सुमारें साडेपांच किलोंचा, दीड वीत लांब. जून २०२२ मध्यें रॉकेट फसून दोन गमावले; तरी योजना बुडाली नाहीं. मे २०२३ मध्यें न्यूझीलंडहून चार वर गेले. उष्ण कटिबंधाची पाहणी तासातासानें व्हावी हा त्यांचा हेतु होता, आणि त्या पट्ट्यांत आपला महाराष्ट्रही येतो.

लहान यंत्राचें आयुष्य थोडें व माप कांहींसें कमी नेमकें, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि मान्सूनवर जगणाऱ्या देशानें असा स्वतःचा ताफा उभारावा असें आमचें स्पष्ट मत आहे. त्या मापांचा पडताळा शेवटीं जमिनीवरील पर्जन्यमापकाशींच घ्यावा लागतो. तेव्हां गांवोगांवचीं हीं मापकें झाडाखालीं किंवा भिंतीच्या आडोशास बसवूं नयेत, आणि उपग्रहांवरून मिळालेली माहिती त्याच दिवशीं मराठींत तालुक्यापर्यंत पोंचवावी.