वाइप्सचं मशीन नंतर घ्या, आधी डाग निवडा



"ताई, वाइप्सचा धंदा सुरू करायचाय, मशीन कुठलं घेऊ?" दुकानात, वर्गात आणि व्हिडिओखाली हा प्रश्न मला सतत येतो. त्यातही हल्ली बेबी वाइप्सची गर्दी बघून लोक "किचन वाइप्स", "ग्रीस वाइप्स", "ऑइल वाइप्स"कडे वळलेत. कल्पना चांगली आहे, गिऱ्हाईकही आहे. चूक फक्त प्रश्नाच्या क्रमात आहे.

मशीन काय करतं बघा. रोल कापतं, घडी घालतं, त्यावर लोशन सोडतं आणि पाऊच सील करतं. तेल काढायचं काम यातलं एकही पाऊल करत नाही. ते काम कापड आणि लोशन मिळून करतात, आणि ते दोन्ही मशीनवाला तुम्हाला शिकवत नाही. मग घरचं सोनं गहाण ठेवून मशीन येतं, बेबी वाइप्सचाच रोल लागतो, लिंबाचा वास टाकला जातो आणि पाकिटावर "ग्रीस रिमूव्हर" छापलं जातं. पहिलं पाकीट ओळखीने खपतं. दुसरं कोणी मागत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

म्हणून माझं मत सरळ सांगते. या धंद्यात डिझाइन म्हणजे पाकिटाचा रंग नव्हे. डिझाइन म्हणजे कोणता डाग, कोणत्या पृष्ठभागावरून, कोणाच्या हाताने निघणार हे ठरवणं. ते ठरल्याशिवाय एक रुपयाही मशीनमध्ये घालू नका.

तेल एक नाही, निदान चार आहेत

आपल्याच पट्ट्यात फिरून बघा. डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्रात ओट्यावर उडालेलं ताजं तेल असतं. ते पातळ असतं, कुठल्याही बऱ्या कापडाने निघतं.

त्याच केंद्राच्या चिमणीवरचा मेणचट थर ही वेगळी गोष्ट आहे. गरम तेलाची वाफ तिथे बसते, उष्णता आणि हवेमुळे हळूहळू घट्ट होते, आणि शेवटी ते तेल राहतच नाही, जवळपास व्हार्निश होतं. कोरडं कापड त्यावरून नुसतं घसरतं.

आता वागळे इस्टेटला या. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली इथूनच झाली. इथल्या मशीन शॉपमध्ये हायड्रॉलिक ऑइल आणि ग्रीस असतं. आणि त्याच शेडमध्ये, दहा फुटांवर, सीएनसी मशीनचं कूलंट असतं. बहुतेक ठिकाणी ते पाण्यात मिसळलेलं, दुधासारखं दिसणारं असतं. म्हणजे त्यात तेलापेक्षा पाणी जास्त.

हे चार डाग एकाच वाइपने काढायचे म्हटलं तर एकही नीट निघणार नाही.

कापड: कोणाला तेल आवडतं, कोणाला पाणी

नॉनवोव्हन म्हणजे न विणलेलं कापड. ताणाबाणा नाही, तंतू अंथरून उष्णतेने, सुयांनी किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकमेकांत गुंतवलेले असतात. तंतू कशाचा, यावर पुढचं सगळं ठरतं.

पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपलं पीपी, तेलाला जवळ करतं आणि पाण्याला लांब ठेवतं. व्हिस्कोस पाणी पितं. पॉलिएस्टर मजबुती देतं. त्यामुळे मशीन ऑइलसाठी कोरडा पीपी वाइप उत्तम, पण त्याच वाइपने कूलंट पुसायला गेलात तर पाणी बाहेरच राहतं. उलट, साबणाच्या पाण्याचा ओला वाइप करायचा असेल तर साधं पीपी नको. व्हिस्कोस-पॉलिएस्टरचं स्पनलेस घ्या. बेबी वाइप्सचं कापड याच जातीचं असतं, पण मऊ आणि पातळ. बाळाच्या गालासाठी ते बरोबर, शेगडीसाठी नाही. शेगडीला जाड कापड हवं, आणि एक बाजू खरखरीत किंवा उठावाची असली तर फारच छान.

बऱ्याच जणांकडे पिशव्यांच्या धंद्यातलं उरलेलं कापड पडून आहे. "हेच कापून विकू का?" असं विचारतात. ते स्पनबॉन्ड पीपी. त्याला तेल आवडतं हे खरं, पण पीपीमध्ये तेल तंतूच्या पोटात शिरत नाही, ते तंतूंच्या मधल्या फटींमध्ये अडकतं. पिशवीचं कापड दाबून चपटं केलेलं असतं, फटी कमी. मेल्टब्लोनचे तंतू त्याच्यापेक्षा खूप बारीक असतात, साधारण १ ते ५ मायक्रॉन, म्हणून ते कितीतरी जास्त तेल धरतं. कोविडमध्ये मास्कच्या मधल्या थरात जे होतं, तेच हे. एकटं मेल्टब्लोन पटकन फाटतं, म्हणून ते दोन स्पनबॉन्ड थरांच्या मध्ये ठेवतात.

आणखी एक लक्षात ठेवा: पीपी १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं. नुकत्याच बंद केलेल्या बर्नरवर पीपी वाइप फिरवला तर डाग निघायच्या ऐवजी नवा डाग बसेल. हे पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा.

लोशन: वासाने तेल निघत नाही

चिमणीच्या थराला साबणासारखा घटक लागतो, थोडा अल्कली लागतो. पण जास्त जोर नको. अनेक चिमण्यांची जाळी ॲल्युमिनियमची असते आणि कॉस्टिकने ॲल्युमिनियम खराब होतं, काळं पडतं. शिवाय हे वाइप वापरणाऱ्या ताईंचे हात दिवसभर त्यात असतात. म्हणून कॉस्टिकचं नावच काढू नका.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. ओल्या वाइपमध्ये पाणी आहे, म्हणजे बुरशीला घर आहे, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. प्रिझर्व्हेटिव्ह लागणारच. पण ते कापडाबरोबर तपासा. क्वाट जातीची रसायनं व्हिस्कोससारख्या सेल्युलोजच्या तंतूंना चिकटून बसतात आणि लोशनमध्ये त्यांचं प्रमाण घटतं. बाटलीत सहा महिने टिकलेलं लोशन पाकिटात टिकेलच असं नाही.

तिसरी गोष्ट, सॉल्व्हंट. "थिनर टाकलं की झटक्यात निघतं" असं सांगणारे भेटतील. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या तारखा डोंबिवलीकरांना सांगाव्या लागत नाहीत. ते स्फोट कारखान्यांतले होते, कारणं वेगळी होती; पण ज्वालाग्राही माल इमारतीच्या गाळ्यात किंवा घरात भरायचा नाही, एवढं तरी आपण शिकायला हवं. पहिल्या उत्पादनात सॉल्व्हंट नको.

आणि "९९.९ टक्के जंतू मारतो" छापायचा मोह टाळा. तो दावा केलात की सफाईचा माल राहत नाही, परवान्यांचा वेगळाच विषय सुरू होतो. तेल काढतो एवढंच म्हणा आणि ते काढून दाखवा.

घरच्या घरी चार चाचण्या

लॅबला जायच्या आधी या करा. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पुरतो.

१. तेल किती धरतं: ५ ग्रॅम कापड घ्या, एक मिनिट तेलात बुडवा, एक मिनिट टांगून ठेवा, पुन्हा वजन करा. ४० ग्रॅम भरलं तर ३५ ग्रॅम तेल, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ७ पट. प्रत्येक नमुन्याला एकच तेल, एकच वेळ.

२. खरंच निघालं का: स्टीलच्या ताटलीवर तेलाचा थर लावा, वाइपने पुसा, मग पाणी ओता. पाणी एकसंध पसरलं तर ताटली स्वच्छ. जागोजाग तुटून थेंब झाले तर तेल शिल्लक आहे. ओल्या वाइपच्या बाबतीत आधी ताटली साध्या पाण्याने नीट धुवा, कारण उरलेला साबणसुद्धा पाणी पसरवतो आणि तुम्हाला खोटा पास मिळतो.

३. फाटतं का, तंतू सुटतात का: ओला करून कडप्प्यावर ५० वेळा घासा. काळ्या दगडावर पांढरे तंतू लगेच दिसतात.

४. पाकीट टिकतं का: भरलेलं पाकीट वजन करून कपाटावर ठेवा, दर आठवड्याला वजन लिहा. वजन घटलं तर सील चुकतंय. शिवाय उघडून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा वाइप वेगवेगळा तोला. लोशन खाली उतरतं. वरचा कोरडा निघाला तर गिऱ्हाईक पहिल्याच वाइपला नाराज.

यात पास झालात की मग बाहेर जा. कापडाच्या चाचण्यांसाठी आपल्या सेंट्रल लाइनवर घाटकोपरला बीटीआरए आहे. इचलकरंजीच्या डीकेटीईत नॉनवोव्हनसाठीच सेंटर ऑफ एक्सलन्स आहे. हातात वही घेऊन जाणाऱ्याला तिथे नेमका प्रश्न विचारता येतो.

हिशेब पाकिटाचा नको, डागाचा करा

बीबीएला आम्हाला किंमत ठरवायचे प्रकार शिकवले होते. दुकानात बसल्यावर कळलं की गिऱ्हाईक एकच प्रकार वापरतं: "एकात काम झालं का?"

२० बाय २० सेंटिमीटरचा वाइप म्हणजे ०.०४ चौरस मीटर. ५० जीएसएमचं कापड असेल तर वजन २ ग्रॅम, म्हणजे किलोत ५००. ८० जीएसएम असेल तर ३.२ ग्रॅम, किलोत साधारण ३१२. कापड समजा २४० रुपये किलो (उदाहरणापुरता भाव, तुमचा कोटेशनमधून घ्या), तर पातळ वाइपचं कापड ४८ पैशांना आणि जाडचं ७७ पैशांना पडतं. सगळे पातळ घेतात. पण शेगडी पुसायला पातळ तीन लागले आणि जाड एकच पुरला, तर डाग काढायचा खर्च १ रुपया ४४ पैसे विरुद्ध ७७ पैसे. हा आकडा हॉटेलवाल्याला ताटलीवर करून दाखवा. जाहिरातीची गरज पडणार नाही.

मग विकायचं कोणाला?

माझा सल्ला: सुरुवात कोरड्या वाइपने करा आणि वर्कशॉपला विका. लोशन नाही, बुरशी नाही, सीलची भानगड नाही. कापायचं यंत्रही सुरुवातीला भाड्याने किंवा जॉबवर्कने भागतं.

तिथे तुमची स्पर्धा दुसऱ्या ब्रँडशी नाही, कॉटन वेस्ट आणि होजिअरीच्या चिंध्यांशी आहे. चिंध्या स्वस्त आहेत, हे मान्य करूनच बोला. पण कारखान्यातलं तेलकट पुसण्याचं साहित्य धोकादायक कचऱ्याच्या नियमांत येतं. ते घंटागाडीत टाकता येत नाही, अधिकृत केंद्राकडे पाठवावं लागतं आणि त्याचे पैसे लागतात. समजा वर्षाला १०० किलो तेल पुसायचंय. ४ पट धरणारी चिंधी २५ किलो लागेल, कचरा १२५ किलो. १० पट धरणारा वाइप १० किलो लागेल, कचरा ११० किलो. म्हणजे किलोला अडीच पटीपर्यंत भाव घेतलात तरी मालकाचा खरेदीचा खर्च वाढत नाही, आणि कचरा १५ किलोने कमी. त्याहून जास्त भाव लावायचा असेल तर सुटणाऱ्या धाग्यांचा त्रास वाचतो हे दाखवावं लागेल. हे गणित तुमच्याच चाचणीच्या आकड्यांनी मांडा, माझ्या नाही.

एक गोष्ट लपवू नका

पीपी नॉनवोव्हन दिसायला कापड असलं तरी ते प्लास्टिक आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत नॉनवोव्हन पीपीच्या पिशव्याही धरल्या, तेव्हा "हे तर कापड आहे" म्हणणारे अनेक जण अडकले. वाइप म्हणजे पिशवी नव्हे, पण धडा तोच. पाकिटावर "नैसर्गिक" किंवा "फ्लश करा" असलं काही छापू नका. कोणता तंतू आहे ते लिहा, कुठे टाकायचं ते लिहा. पावसात तुंबलेला नाला आपल्याच दारात येतो.

"एवढं सगळं करत बसलो तर दुसरा कोणी पुढे जाईल", असं तुम्ही म्हणाल. जाऊ दे की. त्याचं पाकीट एकदा विकलं जाईल. तुम्हाला दर महिन्याला तीच ऑर्डर हवी आहे, कारण हप्ता ऑर्डरवर फिटतो, ओळखीवर नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ: एक डाग निवडा, तीन पुरवठादारांकडून कापडाचे नमुने मागवा, जीएसएम आणि तंतू लिहून घ्या, आणि पहिल्या दोन चाचण्या करा. आकडे वहीत तारखेसह लिहा. मशीनचं कोटेशन तोपर्यंत ड्रॉवरमध्येच राहू द्या.